जुन्या मूर्तीचे नवे राखणदार

फेस्त पंधरा दिवसांवर आले म्हणजे गावच्या चर्चमध्ये कोणती लगबग सुरू होते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. कोणी पताका कातरीत असतो, कोणी घंटेचा दोर बदलतो, कोणी वेदीवरचे दीपदान घासून लखलखीत करतो. या उत्साहाबद्दल आम्हांस आदरच आहे. तथापि आज जी हकीकत आम्ही सांगणार आहोत ती याच उत्साहातून घडली आणि तिच्या दोषात आमचाही वाटा आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या फेस्ताच्या समितीत आम्ही होतो. तेथील बाजूच्या वेदीवर देवमातेची एक जुनी लाकडी मूर्ती होती. मेणबत्त्यांच्या धुराने तिचा चेहरा काळवंडला होता आणि अंगरख्याचे पापुद्रे सुटू लागले होते. समितीत ठराव झाला की मूर्ती 'नवी' करावी. शहरातून निळ्या तैलरंगाचा डबा आला. दारे-खिडक्या रंगविणारा एक कारागीर आला. त्याने पॉलिशपेपरने मूर्ती घासून गुळगुळीत केली आणि एका दुपारी सारे काम उरकले. फेस्ताच्या दिवशी आयाबाया म्हणाल्या, "सायबीण कशी नवीकोरी दिसते!" आम्हीही समाधानाने मान डोलावली.

चार पावसाळे गेले. तो रंग फुगून आला आणि मूर्तीच्या पायथ्याशी रोज सकाळी पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसू लागला. तेव्हा तेथील धर्मगुरूंनी या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एका तरुण मुलीस बोलावून आणले. जुन्या कलावस्तूंचे जतन करणे हाच तिचा व्यवसाय. अशा माणसास आम्ही या लेखात 'जतनकार' म्हणू. तिने मूर्तीस हात लावण्यापूर्वी तिची चोहोबाजूंनी छायाचित्रे काढली, प्रत्येक भेग वहीत टिपली आणि मग भिंगातून पाहत, काडीस गुंडाळलेल्या कापसाने, नखाएवढ्या जागेवरचा तैलरंग सोडविला. त्या निळ्या रंगाखाली दुसरा एक रंग होता, आणि त्याच्याही खाली सोन्याच्या वर्खावर नाजूक फुलांची वेल उमटविलेली होती. आम्ही हर्षभरित होऊन म्हणालो, "मग हे सारे उघडे कर ना, मुली!" ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "काका, रंग काढता येईल. पण घासून गेलेले सोने मी कोठून आणू?"

त्या एका वाक्याने आम्ही खाली पाहिले. खांद्यावर, गुडघ्यावर, जेथे जेथे पॉलिशपेपर फिरला होता तेथे तेथे सोने नव्हते, वेल नव्हती. नुसते लाकूड होते. ज्या अनामिक कारागिराने ती वेल काढली तो कधीच मातीस मिळाला आणि त्याची खूण आम्ही एका दुपारी पुसून टाकली. ती आता कोणालाही परत आणता येणार नाही.

वाचकहो, या अपराधाची आठवण आज काढण्याचे कारण असे की, आमच्या धर्मग्रामांतील काही मुलामुलींच्या मनात कलावस्तू, जुने ग्रंथ, जुन्या इमारती यांच्या जतनाच्या व्यवसायात पडावे असे येऊ लागले आहे आणि घरची वडील मंडळी त्यांस, "हे काय काम आहे? यावर पोट भरते काय?" असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे काम आहे तरी काय आणि त्याची गरज किती, हे पाहिले पाहिजे.

प्रथम आपली धर्मसभा काय सांगते ते पाहू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयी जे संविधान काढले, त्यातील सातवे प्रकरण सर्वस्वी पवित्र कलेविषयी आहे. पवित्र वस्तू व मोलाच्या कलाकृती विकल्या जाऊ नयेत, नष्ट होऊ नयेत, याची दक्षता घेण्याचे काम त्यात बिशपांवर सोपविले आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम ११८९ तर आमच्या समितीने आधी वाचले असते तर फार बरे झाले असते. प्राचीनतेमुळे, कलेमुळे किंवा भाविकांच्या श्रद्धेमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमेची दुरुस्ती स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून कधीही करू नये आणि त्यानेही तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय ती देऊ नये, असा त्याचा आशय आहे. कलम १२८३ प्रमाणे चर्चच्या मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंची नेमकी यादी असावी लागते. म्हणजे मूर्ती 'नवी' करण्याचा अधिकार फेस्ताच्या समितीस नाही; रंगाचा डबा विकत आणणाऱ्या दानशूर गृहस्थास तर नाहीच नाही.

चूक केवळ खेड्यातील अडाणी माणसेच करतात असे मात्र कोणी समजू नये. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिका सर्वांस ठाऊक आहे. १५९४ साली तिचे बांधकाम सुरू झाले आणि १६०५ साली ती उपासनेसाठी अर्पण करण्यात आली. तिच्या भिंती जांभ्या दगडाच्या. जांभा हा सच्छिद्र दगड असून पाणी शोषून घेतो, म्हणून जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढविला होता. हा गिलावा म्हणजे भिंतीची छत्रीच. पण विसाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीज अमदानीत, वास्तू प्राचीन दिसावी म्हणून बाहेरचा गिलावा काढून टाकण्यात आला. आज यात्रेकरू त्या तांबूस उघड्या भिंतीची छायाचित्रे घेतात आणि हेच तिचे मूळ रूप असे समजून जातात. वस्तुतः गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मारा तो दगड तेव्हापासून उघड्या अंगाने सोसत आहे. येथे हात शिकलेले होते, हेतूही वाईट नव्हता. परंतु जुन्या माणसांनी अमुक गोष्ट का केली होती, हे कोणी विचारले नाही. आम्ही मूर्ती नवी दिसावी म्हणून बिघडविली, तेथे वास्तू जुनी दिसावी म्हणून बिघडली. दोन्हीकडे दोष एकच, दिसण्याचा मोह!

याउलट आपल्या घरांनी काय राखून ठेवले, तेही ऐकण्यासारखे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेज्विट मिशनरी १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली येथेच निवर्तले. त्यांनी मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा छापील प्रत कोठे उपलब्ध नाही! शिवाय १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेच्या विरुद्ध फर्मान काढले. इतके होऊनही सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या हाती आहे. कारण भाविकांनी तो हाताने उतरून घेतला, घरोघरी जपला, वाचला, गाइला. १९०७ साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला तो अशा हस्तलिखितांच्या आधारे. विसाव्या शतकात लंडनच्या एका ग्रंथालयात त्याची देवनागरी लिपीतील प्रतही आढळली. छापखान्याने जे गमावले ते वहीने राखले. त्या वह्या उतरणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण मराठी ख्रिस्ती साहित्याचे पहिले जतनकार तेच होत, असे आम्ही मानतो.

तेव्हा जे काम श्रद्धेने चालले ते आता शास्त्राने चालविण्याची वेळ आली आहे, एवढाच फरक. आता या कामाचे प्रकार पाहू.

मूर्ती व चित्रे यांचे जतन करणारा जतनकार हा अर्धा कारागीर, अर्धा रसायनशास्त्रज्ञ असतो. त्याचे तीन नियम आहेत. पहिला, शक्य तितके कमी करावे. दुसरा, जे करावे ते पुढच्या पिढीस सोडविता येईल असे करावे. तिसरा, जे केले त्याची लेखी नोंद ठेवावी. जुन्या लाकडी मूर्तीवर प्रथम खडू व सरस यांचा थर, त्यावर तांबूस मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख आणि त्यावर रंग, असे एकावर एक पापुद्रे असतात. प्रत्येकाचे औषध निराळे. कागदाचे काम करणारा याहूनही सावकाश चालतो. पूर्वीच्या शाईत लोहाचा अंश असे. ती दमट हवेत कागदास खाऊन टाकते आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक पडते. असे पान तुतीच्या सालीच्या धाग्यांपासून केलेल्या अतिशय पातळ कागदाने आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने सांधतात. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणूनच ती वापरतात. बाजारातील चिकटपट्टी लावली तर तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि तो डाग निघता निघत नाही.

इमारतींच्या जतनासाठी चुन्याचे काम जाणणारा गवंडी लागतो. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे आतली ओल आत कोंडते, क्षार फुटून दगड भुगा होतो आणि दोष मात्र जुन्या भिंतीवर येतो. चुना भिजवून मुरविणे, तो योग्य प्रमाणात कालविणे, ही विद्या आमच्या आजोबांच्या पिढीतील गवंड्यांस अवगत होती. आज ती जाणणारा गवंडी शोधावा लागतो. ज्या मुलास पुस्तकी परीक्षेत गोडी नाही पण ज्याच्या हातात कसब आहे, त्याने या मार्गाचा विचार अवश्य करावा.

तिसरा मार्ग दप्तरखान्याचा. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कागदांचे ढीगच्या ढीग आहेत आणि तंजावरच्या मराठी राजांचे मोडी कागदही आहेत. ते अस्खलित वाचणारी माणसे थोडी. ज्यांच्या घरी मराठी आहे, त्यांस ही लिपी काही महिन्यांच्या अभ्यासाने साध्य होते. तिला पोर्तुगीज भाषेची जोड दिली, तर गोव्याच्या दप्तरखान्यात व जुन्या चर्चच्या नोंदवह्यांत उपयोगी पडेल असा माणूस तयार होतो.

चौथा मार्ग संग्रहालयाचा. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उघडले, २००२ साली ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आणले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली ते पुन्हा लोकांस खुले झाले. तेथील हस्तिदंत, रूपे, लाकूड व कापड यांवरचे काम पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. या वस्तू उपासनेसाठी घडल्या, पण घडविणारे हात येथलेच होते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाची रुप्याची पेटी १६३६–३७ साली गोव्यातील रुपेकारांनी घडविली. तिच्या खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतील फ्लोरेन्सच्या शिल्पकाराचा, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविलेला, १६९८ साली उभारलेला. दोन देशांचे कारागीर एकाच संताच्या चरणी असे एकत्र आले आहेत. जुन्या गोव्यातील चर्चे व मठ यांस १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अशा ठिकाणी वस्तूंची नोंद ठेवणारा, मांडणी करणारा, छायाचित्रे घेणारा आणि पाहुण्यांस खरी माहिती सांगणारा, अशी अनेक माणसे लागतात.

पाचवा मार्ग नव्या निर्मितीचा. येथे आंजेलो द फोन्सेका यांचे स्मरण करणे उचित होईल. १९०२ साली गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली अध्ययन केले आणि देवमातेस साडी नेसलेल्या भारतीय मातेच्या रूपात रंगविले. त्या काळी गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. ते पुण्यास आश्रमात राहिले, तेथेच चित्रे काढीत राहिले आणि १९६७ साली पुण्यातच वारले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवलेला आहे. आपल्या माणसाने आपल्या मातीत काढलेल्या चित्रास आपणच परके मानले, ही गोष्ट आपल्या समाजाने विसरू नये. जतन करावयास आधी कोणी निर्माण केलेले असावे लागते आणि निर्माण करणाऱ्यास त्याच्या हयातीत घरचा आधार लागतो.

हे सारे शिकावे कोठे? वडोदऱ्याच्या आमच्या वाचकांस तर दाराशीच सोय आहे. तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ सालापासून संग्रहालयशास्त्र शिकविले जाते. हैदराबादच्या मराठी घरांतील मुलांनी सालारजंग संग्रहालय नुसते घड्याळ पाहण्यासाठी न पाहता तेथील वस्तूंची निगा कशी राखली जाते, हे विचारून पाहावे. लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेली जतनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. गोव्यात १९७२ सालापासून कला महाविद्यालय आहे, मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय तर १८५७ सालचे. जतनाच्या कामास रसायनशास्त्राची ओळख फार उपयोगी पडते. म्हणून ज्या मुलीस चित्रकलेची आवड आहे तिने विज्ञान विषय घाईने सोडू नये, असे आम्ही सुचवितो.

आता मूळ प्रश्न: पोट भरते काय? आम्ही खोटी आशा दाखविणार नाही. कायमच्या जागा थोड्या असतात. बरेचसे काम ठराविक मुदतीच्या करारावर मिळते आणि एक काम संपून दुसरे लागेपर्यंत घर चालविणे कठीण जाते. शिक्षणास वर्षे लागतात. धूळ, बुरशी व औषधे यांपासून प्रकृती सांभाळावी लागते. परदेशी जाऊन किंवा जहाजावर नोकरी करून जो पैसा गावी येतो, त्याच्याशी या मिळकतीची तुलना करू नये. म्हणून मुलाने जोडीस दुसरी एखादी विद्या, अध्यापन, छायाचित्रण, सुतारकाम किंवा एखादी भाषा, अवश्य हाती ठेवावी. पण जो चिकाटीने टिकतो त्याचे काम सहसा अडत नाही, कारण असे हात थोडे आहेत आणि मोडकळीस आलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. आमची मूर्ती सांधणाऱ्या त्या मुलीचे वडीलही आरंभी नाखूष होते, असे तिनेच आम्हांस सांगितले. काम पुरे झाल्यावर ते चर्चमध्ये आले, बराच वेळ वेदीपुढे उभे राहिले आणि जाताना मुलीची हत्यारांची पेटी त्यांनी स्वतः उचलली. ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती.

ज्यांच्या घरी असा मुलगा वा मुलगी नाही, त्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या मूर्तीवर रंग, व्हार्निश किंवा तेल लावू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी आणि पापुद्रे सुटत असतील तर तेही करू नये. रुप्याच्या पात्रांस वरचेवर पॉलिश करू नये, कारण प्रत्येक घासण्यासरशी थोडे रूपे जाते. पेटती मेणबत्ती मूर्तीपासून दूर ठेवावी. मूर्तीखाली भुसा दिसला की धर्मगुरूंस लगेच कळवावे. आजोबांची प्रार्थनेची वही, जुनी पत्रे, लग्नाची छायाचित्रे, भजनांचे व लादाईनींचे स्वरलेख जमिनीपासून उंच, कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात ठेवावेत. छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे व साल लिहावे, कारण नाव सांगणारी आजी नेहमीच असणार नाही. आणि घराची सफाई करताना जे वाचता येत नाही ते जाळू नये. न वाचता आलेला कागद निरुपयोगीच असतो असे नाही. तो वाचणारा अजून आपल्या दारी आलेला नसेल.

प्रभू येशूने पाच भाकरींनी हजारोंची भूक भागविली, ही कथा लहान मुलासही ठाऊक आहे. पण जो क्षणार्धात भाकरी वाढवू शकत होता, त्यानेच जेवण झाल्यावर शिष्यांस उरलेले तुकडे वेचावयास लावले, आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. चमत्कार त्याने केला. वेचण्याचे काम माणसांवर सोपविले. आमच्या पूर्वजांच्या श्रद्धेचे तुकडेही असेच वेद्यांवर, माळ्यांवर आणि पेट्यांच्या तळाशी पडून आहेत. ते वेचण्यास ज्या घरातील मूल पुढे येईल, त्यास आईवडिलांनी अडवू नये.

आमची देवमाता आज पुन्हा तिच्या वेदीवर आहे. तिच्या अंगरख्यावर जेथे वेल उरली आहे तेथे ती झळकते. जेथे सोने गेले आहे तेथे त्या मुलीने नवे सोने न चढविता नुसता साधा, शांत रंग दिला आहे, म्हणजे पाहणाऱ्यास खरे कोणते व भर कोणती हे कळावे. आम्ही गुडघे टेकतो तेव्हा आमची नजर प्रथम त्या साध्या जागेकडेच जाते.